उशाला हात

रहिमतपूर,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. साळूअक्का हिस,
मानसिंगचा सा. न. वि. वि.

तुझं बेदाण्याचं पार्सल पोचलं. पोचलं म्हणजे अंकिता सूनबाईच्या हाती पोचलं आणि तिथून सरळ शेजाऱ्यांकडं गेलं. किडनीवाल्याला बेदाणे चालत नाहीत हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याच्या आधीच्या पत्रात शहाळ्याचं लिहिलं होतं. आता काय चालत नाही ते विचारू नकोस, काय चालतं ते विचार. उत्तर लहान होईल.

बातमी अशी की गुरुवारी साताऱ्यात माझ्या डाव्या हाताचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, हात जागेवर आहे. डायलिसिसला अंगातलं रक्त मशीनमध्ये नेतात, गाळतात आणि परत आत सोडतात, हे तुला माहीत आहे. ते काम आतापर्यंत मानेत घातलेल्या नळीवर चाललंय. पण नळी ही तात्पुरती सोय. तिच्यातून जंतू आत शिरले की ताप आणि हुडहुडी. कायमची सोय हातातच करायची, असं डॉक्टर म्हणाले. मनगटापाशी धमनी आणि शीर जवळजवळ असतात, त्या एकमेकींना जोडून दिल्या. याला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत आलं की शीर दोनेक महिन्यांत फुगते, जाड होते, मग तिच्यात सुया घालून डायलिसिस करता येतो. तुला कळेल असं सांगायचं तर मोठ्या लाइनचं पाणी सरीला जोडलं. आपल्याकडं असं केलं तर सरी फुटेल. शीर मात्र ताकद धरते म्हणे.

त्या जोडावर बोट ठेवलं की खाली काहीतरी सरसरतं. नर्सबाई त्याला थ्रिल म्हणतात. ते सरसरतंय तोवर फिस्टुला चालू. सकाळ-संध्याकाळ बोट लावून बघायची ड्यूटी मला दिली आहे. पहाऱ्याची सवय आहेच.

ऑपरेशनला जाताना घड्याळ, अंगठी आणि कानातलं यंत्र काढून अंकिताच्या पर्समध्ये दिलं होतं. बाहेर आल्यावर नर्सबाई बराच वेळ काही सांगत होत्या. चेहरा प्रेमळ होता, म्हणून मी मान डोलावत राहिलो. तोफखान्यात कान गेले तेव्हापासून ही युक्ती कधी फसलेली नाही.

विश्वजीत अजून सीमेवरच आहे. लेकाच्या वाटचं सगळं अंकिताच करते, आणि आपल्या बापाचं करावं तसं करते. तू तिच्याशी फोनवर बोलत जा, मला मात्र पत्रच लिही. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि आपल्या घरातलं सगळं गल्लीला कळतं.

दाजींना नमस्कार. बेदाणे नकोत, लोभ पाठव. त्यावर पथ्य नाही.

तुझा,
मानसिंग

---

पलूस,
दि. २ मार्च २०२५

चि. मानसिंग यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचून मी माझ्याच मनगटावर बोट ठेवून पाहिलं. नाडी लागली, सरसर काही लागली नाही. म्हणजे माझ्या भावाच्या हातात आता माझ्या हातात नाही असं काहीतरी आहे. जप ते.

बेदाणे शेजाऱ्यांना गेले हे ऐकून तुझे दाजी हसले. त्यांच्या हातचा माल आहे, शेजारी तरी नाव काढतील म्हणाले. बागेचं काम आटोपत आलंय. मधेच एक दिवस आभाळ भरून आलं तेव्हा ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण निभावलं.

आता रागावते. नर्सबाई काय सांगत होत्या ते तुला कळलं नाही, आणि तू ते गमतीनं लिहितोस. माझा जन्म अंगणवाडीत गेला. नंदीबैलासारखी मान डोलावणारं पोर मला लांबून कळतं, त्याच्या डोक्यात काहीही शिरलेलं नसतं. गुरुजींपुढं तू हेच करायचास आणि घरी येऊन मला विचारायचास की आज काय शिकवलं. आता विचारायला मी तिथं नाही. अंकिताला सांगून नर्सबाईंना पुन्हा विचारून घे. यंत्र कानात असू दे, डबीत ठेवून कुणाला ऐकू येत नाही.

तुझ्या हाताला माझी आठवण दे, आणि तुला माझा धाक असू दे.

तुझी,
साळूअक्का

---

रहिमतपूर,
दि. २६ एप्रिल २०२५

ती. साळूअक्का हिस,
मानसिंगचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं. फिस्टुला बंद पडला. एका सकाळी नेहमीसारखं बोट लावलं तर खाली काहीच नाही. आधी वाटलं बोटच चुकलं. जागा बदलून पाहिली, दुसरं बोट लावून पाहिलं. मग अंकिताला हाक मारली. तिनं पाहिलं आणि रिक्षा बोलावली. साताऱ्यात डॉक्टरांनी तपासलं, आत गुठळी झाली म्हणाले. प्रयत्न केला पण ती शीर काही पुन्हा चालू झाली नाही.

त्यातच मानेच्या नळीनं ताप आणला. चार दिवस दवाखान्यात काढले. हुडहुडी अशी भरायची की पलंग वाजायचा. आता ताप नाही, पण पायातला जोर गेला आहे.

डॉक्टर म्हणतात, सांगलीला एक मॅडम आहेत, त्या कोपरापाशी फिस्टुला करतात, तिथल्या शिरा मोठ्या असतात, चिठ्ठी देतो. मी नको म्हणालो. अक्का, मनाची तयारी करून त्या टेबलावर गेलो होतो. दोन महिने चेंडू दाबून दाबून हात बनवला. सगळी पथ्यं पाळली. तरीही ते बंद पडलं, म्हणजे खोट माझ्या रक्तातच असणार. पुन्हा तेच करून पुन्हा एका सकाळी बोटाखाली काही लागू नये, हे माझ्यानं सोसवणार नाही. आहे ती नळी चालेल तितकी चालेल. पुढचं पुढं.

विश्वजीतला यातलं कळवू नकोस. तिकडं त्याच्या हाती बंदूक असते, डोकं शांत हवं.

एवढं एक माझं ऐक. आशीर्वाद दे, हट्ट करू नकोस.

तुझा,
मानसिंग

---

(त्याच पाकिटात)

ती. आत्यांस,
अंकिताचा सा. न. वि. वि.

मामांनी पाकीट डिंकानं चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि मग सांगायचं राहूनच जातं.

मामांनी तुम्हाला काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, पण माहीत आहे. दुसरं ऑपरेशन नको म्हणतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की नळीवर फार दिवस काढता येणार नाहीत. पुन्हा असा ताप आला तर यावेळी जसे बाहेर आले तसे येतीलच असं नाही. मी मामांना हे कसं सांगू? त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागतं, आणि असलं ओरडून सांगता येत नाही.

माझं काय चुकलं तेच शोधत असते. त्या दिवशी मी औषधाच्या खिडकीपाशी होते, तेव्हा नर्सताईंनी मामांना सगळं समजावून सांगितलं होतं. तुमचं पत्र आल्यावर मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्या घाईत होत्या. त्या हाताला ब्लडप्रेशर मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, जड उचलू देऊ नका, बाकीचं काकांना सांगितलंय, असं म्हणाल्या. ते सगळं मी पाळलं. घड्याळसुद्धा उजव्या हाताला बांधायला लावलं.

आणि हात किती छान चालला होता, आत्या. सुरुवातीला पट्टी होती तेव्हा दुपारी झोपून उठले की मामांच्या डाव्या गालावर पट्टीच्या जाळीचा ठसा उमटलेला असायचा, मी त्यांना आरशात दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. तेच मामा आता हसत नाहीत. जेवणाचं ताटही अर्धं परत येतं.

तुमचं ते ऐकतात. काही करा. तुमच्यावाचून मला दुसऱ्या कुणाचा आधार नाही.

आपली,
अंकिता

---

पलूस,
दि. १ मे २०२५

चि. मानसिंग यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि रडले. मग सूनबाईचं काही कळलं आणि रडणं थांबलं. ते पोरीचं आणि माझं आहे, तू विचारू नकोस.

काल अंकिताला फोन करून मी एकच विचारलं, की तुझे मामा झोपतात कसे. ती म्हणाली, डाव्या कुशीवर, डावा हात उशाला घेऊन. उशी दिली तर पायाशी ढकलतात, मिलिटरीची सवय आहे. मिलिटरीची नाही रे बाबा. ही सवय मिलिटरीच्या आधीची आहे आणि ती कुठून आली हे मला सोडून कुणाला माहीत नाही.

आई शेतातून दमून यायची, म्हणून तुला झोपवायचं काम माझ्याकडं होतं. माझ्या हातावर डोकं ठेवल्याशिवाय तू डोळा मिटायचा नाहीस. हाताला मुंग्या आल्या तरी मी हलत नसे, कारण तू जागा झालास तर पुन्हा सगळी गाणी म्हणावी लागत. मग माझं लग्न झालं. पहिल्या पंचमीला माहेरी आले तेव्हा आई म्हणाली, साळे, मान्या उशी घेत नाही, आता स्वतःचाच हात उशाला घेऊन निजतो. मी चुलीकडं तोंड करून बसले होते. तसंच बसून राहिले.

आता नीट वाच. अंकिताशी बोलल्यावर ह्यांना गाडी काढायला लावून मी सांगलीला त्या मॅडमांना भेटून आले. डॉ. त्रिशला त्यांचं नाव. वयानं आपल्या विश्वजीतएवढ्या असतील. अंकितानं फोनवर पाठवलेले तुझे कागद दाखवून मी विचारलं, त्या हातावर डोकं ठेवून माणूस रोज झोपला तर काय होईल. त्या म्हणाल्या, दाबून ठेवलेल्या शिरेत रक्त साकळतं, गुठळी होते. घरी जाऊ देताना पहिली सूचना हीच देतो, की त्या हातावर झोपू नका. तुमच्या भावाचा फिस्टुला त्यानंच बंद पडला असं मी छातीठोक सांगणार नाही, आणखीही कारणं असू शकतात, पण एवढं एक कारण पुरेसं आहे. आणि रक्तात खोट असल्याचं तुमच्या कागदांत मला कुठंही दिसत नाही.

तर नर्सबाई तेव्हा प्रेमळ चेहऱ्यानं हे सांगत होत्या, आणि तू मान डोलावत होतास.

मानसिंग, तुझ्या रक्तात खोट नाही. ते माझ्याच आईबापाचं रक्त आहे, मला ठाऊक आहे. तू फक्त चुकीच्या जागी डोकं ठेवलंस. ते सुधारता येतं. सोमवारच्या डायलिसिसनंतर तुला न्यायला गाडी येईल. पुढचा डायलिसिस सांगलीत होईल आणि मुक्काम माझ्याकडं. हट्ट करू नकोस असं तू लिहिलंस. तू मला थोरली केलं नाहीस, देवानं केलं, तेव्हा हट्ट मीच करणार. तू गेलास तर मला अक्का म्हणणारं कुणी उरणार नाही, हे एकदा लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

बॅग भर. वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
साळूअक्का

---

पलूस,
दि. २५ मे २०२५

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर झालं झालं एवढंच सांगितलं, आता सविस्तर लिहिते. तुझे मामा पलीकडं टीव्ही बघत बसलेत, आवाज बंद करून. त्यांना फरक पडत नाही आणि मला लिहायला निवांत मिळतं.

आधी मॅडमांनी हाताची सोनोग्राफी केली. दंडाला पट्टा आवळला आणि कोपरापासून वर सगळी शीर पडद्यावर बघून पेनानं हातावर रेघ ओढली. मनगटाकडची शीर साकळलेली निघाली, पण कोपराच्या वरची चांगली, रुंद आणि मोकळी. या हातात आता ही एकच चांगली जागा आहे, ती जपायची, असं त्या मला म्हणाल्या. मी ते मानसिंगला लगेच सांगितलं नाही. ऑपरेशन झाल्यावर सांगितलं.

ऑपरेशन हात बधिर करूनच केलं, माणूस जागा. आत दीड-दोन तास गेले. ह्यांनी बाहेर बाकावर बसून चहा मागवला आणि तसाच गार होऊ दिला. मी म्हटलं, मला धीर देताय आणि तुमचाच चहा तसाच आहे. मानसिंगला बाहेर आणलं तेव्हा त्यानं उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराकडं नेलं, मॅडमांकडं बघून परवानगी घेतली, हलकेच टेकवलं आणि मला म्हणाला, ‘‘आक्के, चालू हाय.’’

यावेळी मान डोलावणं नको म्हणून मी अंगणवाडीतली माझी पाटी नेली होती. मॅडम एकेक सूचना सांगत गेल्या, मी ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि त्याला मोठ्यानं वाचायला लावली. हातावर झोपायचं नाही. हात डोक्याखाली घ्यायचा नाही. बाही घट्ट नको. सरसर थांबली तर त्याच घटकेला निघायचं, वाट बघायची नाही. बहिऱ्या माणसाचा आवाज केवढा असतो तुला माहीतच आहे. सगळ्या वॉर्डनं सूचना ऐकल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी आपला हात उशीखालून काढला.

सवय मात्र चिवट. इथं आल्यापासून मी सावरीच्या कापसाची उशी केली आहे, माझ्या जुन्या इरकलीची खोळ घालून. शिवाय डाव्या बाजूला एक लोड, म्हणजे त्या कुशीवर वळताच येऊ नये. दुपारच्या झोपेला ह्यांना खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसवलं. परवा जाऊन बघते तर पहारेकरी घोरत होता आणि मानसिंग उशीवर डोकं ठेवून, हात लोडावर सोडून शांत झोपला होता. मी उगाच थोडा वेळ तिथं उभी राहिले.

पोरी, तुझं काहीही चुकलेलं नव्हतं. तो गालावरचा ठसा तू लिहिला नसतास तर मला हे सुचलंच नसतं. ही गोष्ट तुझ्या मामांना मी अजून सांगितलेली नाही. पाकिटात चिठ्ठी सरकवायची वेळ तुझ्यावर पुन्हा येऊ नये, पण आली तर सरकव.

पंधरा दिवसांनी त्याला उशीसकट परत पाठवते. उशी त्यानं विसरल्यासारखं केलं तर तू आठवण कर. मनातून तुझ्याजवळच असलेली,

तुझी,
साळूआत्या

---

रहिमतपूर,
दि. २९ जुलै २०२५, नागपंचमी

ती. साळूअक्का हिस,
मानसिंगचा सा. न. वि. वि.

काल तू माझ्यासाठी भावाचा उपवास धरला असशील. या वयात धरू नकोस असं दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी तू धरतेस. काल मात्र तो कामी आला. काल साताऱ्यात पहिल्यांदा हातात सुया घातल्या.

मॅडमांनी मागच्या आठवड्यात शीर बघून परवानगी दिली होती. शीर आता करंगळीएवढी जाड झाली आहे, दंडावर चढत गेलेली दिसते. सुया घालायच्या दिवसाचं ठरत होतं तेव्हा अंकितानं तुझ्या वतीनं बजावलं होतं, की मंगळवारी पंचमी, त्या दिवशी आमच्याकडं भाजीसुद्धा चिरत नाहीत. माझा वार सोमवारच आहे हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. दोन सुया, दोन्ही जाड. पहिली गेली तेव्हा मी छताकडं बघत होतो. मग नळीत रक्त सरकताना दिसलं. चार तास मशीन एकदाही कुरकुरलं नाही. आणखी काही वेळा सुयांवर चालवून बघतील आणि मग मानेतली नळी काढून टाकणार आहेत. मग मी डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ करणार आहे. त्या दिवसाची वाट मी विश्वजीतच्या सुट्टीइतकीच बघतोय.

आता आज सकाळचं सांगतो. हे अंकिताशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, वेड लागलं म्हणतील.

अंथरुणात बसून कपाळावरची माशी हाकलायला डावा हात वर केला, तर जवळच कुठंतरी मोटर चालू झाल्याचा आवाज आला. घूं घूं, एका लयीत, मधेच जोर धरणारा. यंत्र डबीत होतं. मला यंत्राशिवाय दाराची कडी ऐकू येत नाही, चिमण्या तर मी कधीच्या सोडून दिल्या. मी खिडकीतून बघितलं. शेजारी मोटर नाही, रस्त्यावर ट्रॅक्टर नाही. हात खाली घेतला, आवाज बंद. पुन्हा वर केला, आवाज चालू. तिसऱ्यांदा केलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अक्का, ते माझं रक्त होतं. कोपर कानाजवळ आलं की ते वाजतं.

अंकितानं मॅडमांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, तोफांनी बारीक आवाज नेले, जाड आवाज काही उरले असतील. आता मी उशीबरोबर तू पाठवलेल्या पाटीवरच्या सूचना पुन्हा वाचल्या. डोकं हातावर ठेवायला बंदी आहे. हात कानाजवळ आणायला बंदी लिहिलेली नाही. तरी तेही मॅडमांना विचारून घेतलं. दाबायचा नाही, एवढीच अट.

मग मी बराच वेळ तसाच बसून ऐकत राहिलो आणि मला वाटत राहिलं, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. कुठला ते लगेच आठवेना. तोफेचा नाही, गाडीचा नाही. अंघोळीला उठलो तेव्हा आठवलं. लहानपणी तुझ्या हातावर डोकं ठेवलं की कानात असंच काहीतरी चालू असायचं, आणि ते ऐकता ऐकता झोप लागायची. तू म्हणायचीस ती गाणी मला आता एकही आठवत नाही. तो आवाज आठवतो. तू गेल्यावर मी स्वतःच्या हातात तोच शोधत असणार, आणि तो तिथं नव्हता. आता आहे.

एप्रिलमध्ये मी तुला जे लिहिलं ते फाडून टाक. मला अजून बरंच ऐकायचं आहे.

राखीला ये. राखी उजव्या हाताला बांध, त्याला कसलीही बंदी नाही. आणि बांधून झाली की डाव्या हाताला कान लाव. तुझ्या हाताला मुंग्या येईस्तोवर मी झोपलो, त्याची फेड डोकं ठेवू देऊन करता येत नाही, कारण मॅडम रागावतील. कान लावू देऊन करतो.

उशी चांगली आहे. आजवर दोनदाच पायाशी ढकलली.

दाजींना नमस्कार सांग, आणि येताना त्यांनाही आण. अंकिता म्हणते बेदाणे आणलेत तरी चालतील, यावेळी शेजाऱ्यांना नाही, ती स्वतः खाणार आहे.

उपवास सोड. हात चालू आहे.

तुझा,
मान्या